रिफर्बिश्ड कार लिफ्ट: रंगाखाली काय होतं आणि फरशीखाली काय नव्हतं

नागपुरात बेसा भागातल्या एका घराच्या पार्किंगमध्ये गाडी खालून दुरुस्त करायला उचलणारी दोन खांबांची ४ टनी लिफ्ट बसली. रिफर्बिश्ड, ८५ हजारांत, नव्याच्या साधारण अर्ध्या भावात. तिसऱ्यांदा गाडी उचलली तेव्हा उजव्या खांबाची बेस प्लेट फरशीपासून बोटभर सुटली. गाडी गुडघ्याएवढ्याच उंचीवर होती आणि खाली कोणी नव्हतं, म्हणून निभावलं. विकणारा म्हणाला, फिटिंग चुकलं. फिटर म्हणाला, मशीनच भंगार आहे. दोघांचंही अर्धं अर्धं खरं होतं, आणि या धंद्यातली फसवणूक नेमकी याच फटीत होते. विकणारा वेगळा, बसवणारा वेगळा, पाया कोणाच्याच हिशोबात नाही. "काही होत नाही साहेब, अँकर ठोका अन् चालू करा," एवढंच फोनवर सांगितलेलं असतं. (अँकर म्हणजे खांब जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट.)

आधी लोखंडाचं पाहू. रिफर्बिश्ड याचा अर्थ साखळ्या, वायर रोप, स्लायडर ब्लॉक, सिलिंडरचे सील आणि होज पाइप तपासून बदललेले, असा हवा. बहुतेक वेळा बदलतो तो फक्त रंग. या मशीनवर लाल रंगाचे ३ थर होते. कॅरेजला (खांबात वर-खाली सरकणारा भाग) जिथे आर्मची (गाडीखाली जाणारा हात) पिन बसते, तिथल्या वेल्डवर लोहचुंबक नीट धरेना. स्क्रेपरने खरवडलं तर आधी लाल, मग जुना निळा, मग पांढरी पुट्टी निघाली आणि पुट्टीखाली वेल्डच्या काठाने गेलेली केसाएवढी चीर. कार पेंटर डेंट भरतो तसा इथे तडा भरला होता. लोहचुंबकाची ही परीक्षा फुकटात होते, तेव्हा लिफ्ट पाहायला जाताना एक खिशात ठेवाच. शंका आली तर वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात डाय पेनिट्रंटचे ३ स्प्रे मिळतात. रंग काढलेल्या जागी आधी क्लीनर, मग लाल डाय मारून १० ते २० मिनिटं थांबायचं, पुसायचं, मग पांढरा डेव्हलपर. चीर असेल तिथे पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. विकणारा हे करू देत नसेल तर तिथूनच परत फिरावं.

साखळी डोळ्यांनी तपासता येत नाही, ती मोजावी लागते. लीफ चेनची (लिफ्टमधली पट्ट्यांची साखळी) मर्यादा ३ टक्के लांबी वाढण्याची आहे. १९.०५ मिमी पिचच्या साखळीत पिनच्या मध्यापासून १६ पिच मोजले तर नवीन असताना ३०४.८ मिमी, म्हणजे बरोबर १ फूट भरतात. तेच माप ३१४ मिमीच्या आसपास, म्हणजे फुटावर ३ सूत जास्त आलं, की साखळी फेकायची. ग्रीस चोपडलेली साखळी छान दिसते, पण झीज पिनमध्ये असते आणि ग्रीस तिच्यावर पांघरूण घालतं. वायर रोप पुलीवरून वळते तिथे चिंधी फिरवून पाहा (हात नको, तुटलेली तार सुईसारखी शिरते).

सर्वांत वाईट प्रकार खांबाचा. आपल्याकडे पार्किंगचा स्लॅब साधारण १० फुटांवर, बीम त्याहून खाली. वरून आडवा बार जाणारी लिफ्ट साडेअकरा-बारा फूट मागते, ती या घरात मावत नाही. खाली प्लेट असलेली लिफ्ट ९ ते साडेनऊ फुटांची असते, ती कशीबशी मावते. जुन्या बाजारात मात्र वरच्या बारवाल्या लिफ्टा जास्त येतात. मग काही जण खांबच कापतात, मधला तुकडा काढून पुन्हा वेल्ड करतात आणि "होम मॉडेल" म्हणून विकतात. बाहेरून ग्राइंडर मारून रंग दिला की सांधा दिसत नाही. आतून, कॅरेज सरकते त्या बाजूने टॉर्च मारून बोट फिरवलं की कळतो. लॉकच्या खाचांमधलं अंतर एका ठिकाणी कमी-जास्त असेल तर तोच पुरावा. असा खांब कोणत्याही भावात नको. आणि मूळ बुटकी लिफ्ट मिळाली तरी हिशोब करा: स्लॅब ३.०५ मीटर, गाडी दीड मीटर उंच, तर चाकं जमिनीपासून १.४ मीटरच्या फार वर जाणार नाहीत. डिक्की उघडी राहिली तर तेवढंही नाही.

लॉक ऐकून तपासायचं. रिकामी लिफ्ट वर नेताना दोन्ही खांबांत "खट-खट" एकाच वेळी आलं पाहिजे. एका बाजूने आवाजच येत नसेल तर पॉलची (खाचेत अडकणारी लॉकची खिट्टी) स्प्रिंग गेली आहे किंवा केबल ताणून पॉल कायमचा मोकळा ठेवला आहे. विकणाऱ्याच्या व्हिडिओत बहुधा गाणं लावलेलं असतं, म्हणून हा आवाज ऐकू येत नाही. व्हिडिओ मागायचा तर नेमप्लेटच्या सीरियल नंबरपासून सुरू झालेला, मध्ये न तोडलेला, गाडी उचललेला मागा. मग लॉकवर न टेकवता गाडी तशीच धरून खांबावर खडूची खूण करायची आणि १५ मिनिटांनी पाहायचं. कॅरेज खुणेखाली उतरली असेल तर सील किंवा चेक व्हॉल्व्ह गळतोय. नेमप्लेट नव्या रिव्हेटने ठोकलेली दिसली तर ४ टन हा आकडाही विसरा.

आता पायाचं. ही लिफ्ट उलटू पाहत होती ती लोखंडामुळे नाही, पायामुळे. घराच्या पार्किंगमध्ये वर चेकर्ड टाइल, खाली मसाला, त्याखाली १:४:८ चं पीसीसी (सळई नसलेलं कच्चं काँक्रीट) आणि खाली मुरमाची भरती असते. चालत्या गाडीला ते पुरतं. पण गाडी वर गेली की वजन खांबाच्या आतल्या बाजूला लटकतं आणि बाहेरच्या अँकरवर उपटणारा जोर येतो. इथे अँकरच्या भोकाशेजारी १२ मिमीच्या बिटने एक भोक मारून पाहिलं. आधी टाइलची पूड, मग करडी, आणि अडीच इंचांवर पूड तांबूस झाली. म्हणजे मुरूम. १६० मिमीचा अँकर तिथे मातीत लोंबकळत होता. त्यातही मशीनसोबत एम१८ ऐवजी एम१२ चे, म्हणजे १८ मिमीऐवजी १२ मिमी जाडीचे फास्टनर पाठवले होते आणि बेस प्लेटची भोकं मोठी म्हणून वॉशर घालून भागवलं होतं. अँकर आवळताना टॉर्क चढतच नाही आणि बोल्ट नुसता फिरत राहतो, तेव्हाच फिटरने थांबायला हवं होतं. त्याने तो फिरता बोल्ट तसाच सोडून पुढचा घेतला.

नागपूरच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. दोन खांबांना दोन वेगळे खड्डे भरले तर एक खांब एकीकडे हलतो, दुसरा दुसरीकडे. म्हणून काळी माती काढून मुरूम पाणी मारून दाबायचा आणि दोन्ही खांबांखाली एकच सलग आरसीसी स्लॅब घ्यायचा. ४.२ बाय १.५ मीटर, २०० मिमी जाड, १० मिमीची सळई दोन्ही दिशांना १५० मिमीवर. हे सव्वा घनमीटर काँक्रीट होतं, १:१:२ च्या मापाने साधारण १४ गोण्या सिमेंट. मशीनचं मॅन्युअल याहून जास्त मागत असेल तर मॅन्युअलचं ऐका. १४ दिवस गोणपाट ओलं ठेवा, ४५ अंशांच्या मे महिन्यात ते दुपारपर्यंत वाळतं, तेव्हा दोनदा भिजवा. २८ दिवसांआधी अँकर नको. भोकातली पूड ब्लोअरने काढल्याशिवाय अँकर ठोकायचा नाही, पुडीत तो धरत नाही. टाइल अँकरखाली ठेवू नका, ती फुटते आणि आवळलेला बोल्ट सैल होतो.

विजेचा घोळ त्या मानाने लहान. मोटर ३ एचपी, आली थ्री-फेज, घरचं मीटर सिंगल-फेज. फिटरने कपॅसिटर लावून चालवून दाखवली. अशी मोटर रिकामी लिफ्ट उचलते, गाडीखाली घुमते आणि तापते. सिंगल-फेज पॉवर पॅकच (मोटर आणि तेलाचा पंप) मागा, तोही चालताना १५ अँपिअरच्या आसपास घेतो आणि सुरू होताना कितीतरी जास्त. पार्किंगमधल्या प्लगवर नको, ४ चौरस मिमी तांब्याची वेगळी लाइन ओढा.

पैशांचा प्रकार ठरलेला आहे. निम्मे आधी, उरलेले "गाडी निघाली की". माल नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात येतो आणि तोवर सगळे पैसे गेलेले असतात. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टची पावती) पोहोच देताना "न तपासता उतरवले" असं लिहूनच सही करा. बिलावर सीरियल नंबर, टनेज, फेज आणि बदललेल्या भागांची यादी हवी. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, पहिले २ आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहा. जीएसटीचं क्रेडिट मिळेल म्हणून बिल दुकानाच्या नावावर घ्यायचा मोहही टाळा. व्यावसायिक खरेदी म्हटलं की ग्राहक म्हणून दाद मागणं अवघड होतं.

फसल्यावर पहिली गोष्ट, लिफ्ट उखडू नका. गाडी उतरवा, वीज काढा, फोटो आणि मापं घ्या. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि विकणाऱ्याला स्पीड पोस्टाने नोटीस द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, विकणारा परराज्यातला असला तरी. मुदत २ वर्षांची, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पैसे घेऊन माल पाठवलाच नाही असा प्रकार असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता तासांवर असते.

बेशाच्या घरमालकाने हे सगळं करायला घेतलं तेव्हा बिल पहिल्यांदा नीट वाचलं. त्यावर लिफ्ट हा शब्दच नव्हता. लिहिलं होतं: जुने लोखंडी साहित्य, ६५० किलो, जसे आहे तसे.