न्यूरॉन सिम्युलेटर: श्रवणतंतूसाठी भक्कम, पण डिफॉल्टवर विसंबू नका

कानातून मेंदूकडे जाणारा श्रवणतंतू संगणकावर उभा करायचा असेल, तर 'न्यूरॉन' या मोफत सॉफ्टवेअरला आमची पहिली पसंती. मायलिनचं वेष्टण, मधल्या रॅनव्हिए गाठी, प्रत्येक गाठीतले आयन चॅनल (सोडियम-पोटॅशियमसारखे आयन आत-बाहेर सोडणारी दारं), सगळं वेगवेगळं ठरवता येतं. लिनक्सवर पिपची (पायथनचं पॅकेज बसवणारी कमांड) एक ओळ पुरते, त्यामुळे गूगल कोलॅबवरही (ब्राउझरमधून गूगलच्या संगणकावर कोड चालवण्याची सेवा) चालतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की होस्टेलच्या खोलीत लॅपटॉप तापून मंदावतो. लांबलचक रन कोलॅबवरच टाकावेत.

खरी मेख तापमानात आहे. डिफॉल्ट ६.३ अंश सेल्सियस असतं, कारण सोबत येणारं हॉजकिन-हक्सली चॅनल हे या दोन शास्त्रज्ञांच्या १९५२ च्या, स्क्विड या सागरी प्राण्याच्या चेतातंतूवरच्या मॉडेलचं आहे. तिथे शरीराचं तापमान म्हणून नुसतं ३७ टाकलं की चॅनलचा वेग दर १० अंशांना तिप्पट होत जवळपास २९ पटींवर जातो. सोडियमचा प्रवाह जोर धरण्याआधीच पोटॅशियम त्याला गाठतं आणि स्पाइक (तंतूतला विद्युत संदेश) खुजा होऊन विझतो. विद्यार्थी मग करंट वाढवत बसतात. करंट राहू द्या, चॅनल बदला. मॉडेलडीबीवर (चेतापेशींच्या मॉडेलांचा ऑनलाइन साठा) रॉथमन-मॅनिस यांचे २००३ चे चॅनल मिळतात. ते कॉक्लिअर न्यूक्लिअसच्या (श्रवणतंतू मेंदूत जिथे पोचतो ते केंद्र) पेशींचे आणि २२ अंशांवरचे आहेत, म्हणून क्यू-टेन (दर १० अंशांना वेग किती पट होतो तो आकडा) बघूनच वापरा.

आवाजापासून केशपेशीच्या (आवाज टिपणारी कानातली पेशी) सिनॅप्सपर्यंतचा, म्हणजे ती तंतूला जिथे जोडते तिथपर्यंतचा, भाग 'न्यूरॉन'मध्ये तयार मिळत नाही. तो झिलानी-ब्रूस-कार्नी या संशोधकांच्या श्रवणतंतू मॉडेलमधून घ्यावा. त्याला किमान १,००,००० हर्ट्झ सॅम्पलिंग आणि पास्कलमधला दाब लागतो. उणे १ ते १ मधली वेव्ह फाइल तशीच दिली, तर पूर्ण उंचीचा साइन टोन ९१ डेसिबल धरला जातो. बहुतेक तंतू संपृक्त होतात, म्हणजे त्यांचा फायरिंग दर आणखी वाढत नाही, आणि आलेख सपाट दिसतो. ६० डेसिबल हवे असतील तर आरएमएस (दाबाची वर्गमध्य सरासरी) ०.०२ पास्कलवर आणा. तिथून आलेले स्पाइक 'न्यूरॉन'मध्ये इनिशियलायझेशननंतरच (रनची सुरुवातीची मांडणी झाल्यावरच) रांगेत घाला. आधी घातले तर ते पुसले जातात आणि एररसुद्धा येत नाही.

'न्यूरॉन'ची डिफॉल्ट टाइम स्टेप (गणनेच्या एका पायरीचा वेळ) ०.०२५ मिलिसेकंद असते. ४ किलोहर्ट्झच्या एका आवर्तनात अशा जेमतेम १० पायऱ्या बसतात. फेज लॉकिंग (स्पाइक ध्वनिलहरीच्या ठरावीक टप्प्यावरच येणं) मोजायचं असेल तर ती ०.००५ करा.

कॉक्लिअर इम्प्लांटवर (श्रवणतंतूला थेट विजेने उद्दीपित करणारं कानातलं यंत्र) काम करणाऱ्यांनी तर हे घ्यावंच: इलेक्ट्रोडचं बाह्य विभव गाठीगाठीवर लादण्याची सोय यात आहे. नुसता फायरिंग दर हवा असेल, तर झिलानी मॉडेल एकटंच पुरेल.