सॅटर्नेलियाची फेरी घ्या, जेवण वगळा

डिसेंबरात रोमला गेलो तेव्हा मुद्दाम १७ तारखेची 'सॅटर्नेलिया' फेरी बुक केली. सॅटर्नेलिया म्हणजे सॅटर्न देवाचा प्राचीन रोमन सण. दोन तासांची पायपीट आणि शेवटी 'प्राचीन रोमन जेवण'. कंपनीचं नाव लिहीत नाही.

पायपीट मात्र एक नंबर. कॅपिटोलाइन टेकडीच्या कठड्याशी गाईडबाईंनी आम्हाला उभं केलं. खाली फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, सॅटर्नच्या देवळाचे आठ खांब. समोरचे सहा करडे, कडेचे दोन गुलाबीसर, सगळा ग्रॅनाइट इजिप्तचा. रोमचा सरकारी खजिना याच देवळात असायचा. एवढं सांगून बाईंनी पिशवीतून लोकरीचा दोरा काढला आणि चक्क आमच्या ह्यांच्या बुटांना गुंडाळला! मूर्तीचे पाय वर्षभर असेच बांधलेले असत, सणाला सोडत. दोरा सुटला की सगळ्यांनी 'इओ सॅटर्नेलिया!' ओरडायचं. हे इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या कबुतरांनी जागा सोडली. मूर्ती आतून तेलाने भरलेली असे म्हणे. सॅटर्न हे आपल्या शनी ग्रहाचंही नाव, तेल तिथेही सुटलं नाही.

सणात टोगा (रोमन पुरुषांचं औपचारिक वस्त्र) उतरवायचा, टोपी घालायची, एरवी बंदी असलेले फासे खुशाल खेळायचे आणि मालकांनी गुलामांना जेवायला घालायचं. बाईंनी लगेच पुस्ती जोडली, सण संपला की गुलाम पुन्हा गुलामच. हे सांगितल्याबद्दल त्यांना जास्तीचे गुण. रोमन लेखक धाकटा प्लिनी या गलक्याला कंटाळून घरातल्या लांबच्या खोलीत जाऊन बसे. मीही तेच केलं असतं.

एक खटकलं. 'ख्रिसमस म्हणजे सॅटर्नेलियाच' हे त्यांनी ठोकून दिलं. सण १७ ला सुरू होऊन फार तर २३ पर्यंत चाले, २५ त्यात येतच नाही. मेणबत्त्या आणि भेटवस्तूंचं साम्य आहे, पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

आता जेवण. पहिल्याच ताटलीत टोमॅटो! टोमॅटो अमेरिकेतून युरोपात आला सोळाव्या शतकात. वेटरला विचारलं तर तो गोड हसला. वाइन गार, डाळीचं सूप त्याहून गार.

भेट म्हणून मेणबत्ती आणि मातीची छोटी बाहुली मिळाली. सणाच्या शेवटी रोमन लोक अशाच बाहुल्या एकमेकांना देत. आमचीचं नाक विमानातच तुटलं.

जेवणाशिवायचं तिकीट वेगळं मिळतं, तेच घ्या. आणि साडेचारच्या आत कठड्यावर पोचा, नंतर खांबांचा रंग दिसत नाही.