फोंड्यातला ६४ चौरस मीटरचा टू बीएचके: बाळ होण्याआधी घेतला, आता चौघं राहतोय

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी आम्ही गोव्यात, फोंड्यातल्या कुर्टीला टू बीएचके घेतला. पहिल्या पावसाळ्यात आम्ही दोघंच होतो. दुसऱ्यात बाळ आलं, त्याच्यासोबत सासूबाई आल्या आणि मधले काही आठवडे माझी आईही इथेच होती. रिकामं घर आणि भरलेलं घर असं दोन्ही एकाच फ्लॅटमध्ये राहून झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय. मूल व्हायच्या आधी पहिलं घर घेताना वन घ्यावा, टू घ्यावा की ओढाताण करून थ्री, या प्रश्नावर सगळेच सल्ले देतात. पण त्या घरात राहून, बाळंतपण काढून मग बोलणारं आम्हाला फारसं कोणी भेटलं नव्हतं.

आधी मापं. माहितीपत्रकावर आमचा फ्लॅट ९२ चौरस मीटर होता. ते सुपर बिल्ट-अप, म्हणजे भिंती आणि जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागांचा वाटा धरून. करारात कार्पेट एरिया ६४ चौरस मीटर, म्हणजे ६८९ चौरस फूट. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात, कार्पेटची व्याख्या पक्की आहे: घरातल्या आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, पाइपांचे शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. तुलना करायची ती याच आकड्यावर. त्याच इमारतीतला थ्री बीएचके ११८ चौरस मीटरचा म्हणून दाखवला, कार्पेट निघालं ८०. जास्तीच्या १६ चौरस मीटरांत तिसरी बेडरूम होती २.७ बाय ३ मीटरची. मी टेप घेऊन गेले होते. सहा फुटी पलंग आणि एक कपाट ठेवलं की मध्ये फूटभरही वाट उरत नव्हती, कपाटाचं दार उघडणं तर दूरच. शिवाय त्या फ्लॅटला ड्राय बाल्कनी, म्हणजे कपडे धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी, नव्हती, वॉशिंग मशीनची जागा बाथरूममध्ये दिली होती. गोव्यात ड्राय बाल्कनीशिवाय घर घेणं मला कुठल्याही किमतीला मान्य नाही. कारण खाली येतंच आहे.

आता पैसे. टू ५८ लाखांना होता, थ्री ७४ ला. तीस लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी फी त्या किमतीत धरत नाहीत. ती खिशातून जाते. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली तर लाखामागे महिना ८६८ रुपये हप्ता बसतो. टूसाठी ४६ लाख कर्ज, हप्ता जवळपास ४० हजार. थ्रीसाठी ५९ लाख, हप्ता ५१ हजारांच्या वर. दोघांच्या पगारावर दोन्ही झेपत होते, आणि बँकेनेही तेच सांगितलं. आम्ही हिशेब दुसऱ्या पद्धतीने केला: मी घरी असेन त्या महिन्यांत एकट्या नवऱ्याच्या पगारातून हप्ता गेल्यावर घर चालेल का? चाळीस गेले तर चालत होतं. एक्कावन्न गेले तर औषधं आणि पेट्रोल यातून निवड करावी लागली असती. आमच्यापुरता थ्रीचा विषय तिथेच मिटला.

फ्लॅट तयार होता, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) हातात होतं, त्यामुळे जीएसटी लागला नाही. बांधकाम चालू असताना घेतला असता तर ५ टक्क्यांनी २ लाख ९० हजार गेले असते. किंमत ५० लाखांच्या वर असल्यामुळे १ टक्का टीडीएस, म्हणजे ५८ हजार, बिल्डरला द्यायच्या रकमेतून आम्हीच कापून आयकर खात्यात भरायचा होता. हे काम बिल्डर आठवणीने सांगेलच असं नाही. आणि गोव्यातल्या जोडप्यांसाठी एक: इथे सिव्हिल नोंदणी करून लग्न केलं असेल आणि त्याआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता दोघांची समाईक होते. घर कोणाच्याही पगारातून घेतलं तरी पुढे ते विकताना नवराबायको दोघांची संमती लागते. त्यामुळे मापाचा निर्णयही दोघांनी टेबलाशी बसूनच घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

वन बीएचके घ्या, मूल मोठं झालं की बदला, असा सल्ला माझ्या मावसभावाने दिला होता. त्याच पैशांत पणजीजवळ पर्वरीला ४५ चौरस मीटरचा वन मिळत होता आणि माझं ऑफिस पणजीला असल्यामुळे मोह मोठा होता. पण घर बदलायचं म्हणजे मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, फर्निचर सगळं दुसऱ्यांदा, तेही कडेवर मूल घेऊन. आणि वनमध्ये बाळंतपणाला येणारं माणूस झोपणार कुठे?

माझ्या मते सगळा निर्णय या प्रश्नावर ठरतो. टू बीएचके बघताना सगळे दुसऱ्या खोलीला मुलांची खोली म्हणतात. दलालाने तर भिंतीवर कार्टून कुठे लावायचं तेही दाखवलं होतं. प्रत्यक्षात बाळ आमच्याच खोलीत झोपतं आणि पुढची काही वर्षं झोपेल. ती खोली सासूबाईंची आहे. डिचोलीकडच्या त्यांच्या घरी मोठं अंगण, माजघर, सगळं आहे. आल्या तेव्हाच त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मला हॉलात झोपवलंत तर आठ दिवसांत परत जाईन." पहाटे पाचला उठून त्यांना स्तोत्रं म्हणायची असतात, दुपारी दार लावून तासभर पडायचं असतं. रात्री दोनला बाळ रडलं की त्या येतात, त्याला घेऊन स्वतःच्या खोलीत जातात, आणि आम्हाला सलग तीन तास झोप मिळते. हॉल आणि एकच खोली असती तर हे शक्यच नव्हतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे मदतीला कोण येणार आहे, त्या माणसासाठी दार लागणारी खोली आहे का, एवढं ठरवा. कोणीच येणार नसेल, पाळणाघरावरच भिस्त असेल, तर कामाच्या ठिकाणाजवळचा वन खरंच जास्त सोयीचा पडेल.

आई आणि सासूबाई दोघी एकदम होत्या तेव्हा मात्र दाटी झाली. आई हॉलमधल्या सोफा-कम-बेडवर झोपायची आणि बारशाला सावंतवाडीची मंडळी आली तेव्हा चपला जिन्यापर्यंत गेल्या होत्या. पण चार-पाच आठवड्यांसाठी दरमहा अकरा हजार जास्त भरावेत असं मला तेव्हाही वाटलं नाही.

आता बाथरूम. याबद्दल आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या बाई पाटावर बसतात, पाय लांब करतात आणि बाळाला पायांवर पालथं घेतात. शेजारी गरम पाण्याची बादली, गार पाण्याची बादली, तांब्या, तेलाची वाटी. यासाठी कमोडपासून दूर, सुमारे सव्वा मीटर लांब मोकळी फरशी लागते. आमच्या मोठ्या बाथरूमला बिल्डर काचेचं पार्टिशन देणार होता, दिसायला छान. आम्ही ते घेतलं नाही, त्यामुळे जागा झाली. लहान बाथरूममध्ये बाईंचे गुडघे भिंतीला टेकत होते. दोन बाथरूम हव्यातच, कारण सकाळी एकीत आंघोळ-मालीश चालू असते तेव्हा दुसरी मोकळी लागते. धुरीसाठी ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकल्यावर स्मोक डिटेक्टर नसलेली, खिडकी असलेली खोली लागते, हेही लक्षात ठेवा.

पावसाळा. मे महिन्यात चकचकीत दिसणारं घर जुलैत जाऊन बघा, ही गोव्यातल्या घरखरेदीची खरी परीक्षा आहे. पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दक्षिण-पश्चिमेच्या भिंती सलग भिजतात. आमच्या मोठ्या बेडरूमची पश्चिमेची भिंत पहिल्याच पावसात ओली झाली. तिथे लावलेल्या कपाटात नवऱ्याच्या चामडी पट्ट्यावर हिरवी बुरशी धरली, आणि माझ्या लग्नातल्या शालूच्या घडीला वास यायला लागला. आम्ही कपाट आतल्या भिंतीला हलवलं. ते हलवण्याइतकी खोली मोठी होती म्हणून जमलं. बिल्डरला लेखी कळवलं. ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष फुकट दुरुस्त करून देण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर आहे, तक्रारीनंतर ३० दिवसांत. प्रत्यक्षात माणसं आली ती पाऊस संपल्यावर, तेही दुसऱ्यांदा पत्र दिल्यावर. बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं. यंदा भिंत कोरडी आहे.

ड्राय बाल्कनी आमची १.२ बाय २.१ मीटरची. दोघं असताना ती अडगळीची जागा होती. बाळ आल्यापासून तीच घरातली सगळ्यात जास्त वापराची जागा आहे. दुपटी, लंगोट, झबली, बाळंतिणीचे कपडे, तेलाचे टॉवेल, आणि बाहेर चार-चार दिवस सूर्य नाही. छताला चार दोऱ्या, खाली मशीन, कोपऱ्यात टेबलफॅन. दोऱ्यांवरचे लंगोट संध्याकाळी इस्त्रीने कोरडे करून घेतो. जी माणसं तिसऱ्या खोलीसाठी ही जागा सोडतात, त्यांची तिसरी खोली जून ते सप्टेंबर कपडे वाळवायलाच जाते. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच झालंय.

पाण्याचं दोन ओळींत सांगते. फोंड्याला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचं पाणी येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा फोंडा आणि तिसवाडी (पणजीचा तालुका) इथे कित्येक दिवस नळ कोरडे होते. म्हणून खोल्या मोजताना इमारतीची जमिनीखालची टाकी किती लिटरची, तेही विचारा.

ज्या गोष्टी खटकतात त्या अशा. स्वयंपाकघर अरुंद आहे; ओट्याशी एक जण उभी असली की दुसरीला फ्रिज उघडता येत नाही, आणि सासूबाईंची व माझी स्वयंपाकाची वेळ एकच असते. साठवणीला जागा कमी: गावाहून आलेले नारळ, उकड्या तांदळाचं पोतं, बाळाची गाडी, सगळं हॉलच्या एका कोपऱ्यात. आमची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, गावच्या घरी असते म्हणून हॉल पुरतो. ज्यांचा गणपती फ्लॅटमध्येच बसतो त्यांनी हॉल मोठा बघावा आणि माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधायला छताला हूक मारता येतील का ते विचारावं. फॉल्स सीलिंगला तो भार झेपत नाही. आणि पणजीचा प्रवास: बसने एकेक तास जाणं-येणं बाळ नसताना काहीच वाटायचं नाही. आता त्या दोन तासांचा विचार मला सगळ्यात जास्त छळतो. जागा मिळवताना आम्ही हे अंतर पत्करलं आणि त्याची किंमत माझ्या वाट्याला जास्त येणार आहे.

२६ आठवड्यांची भरपगारी रजा लवकरच संपतेय. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे, पण आमचं ऑफिस त्याहून लहान आहे. त्यामुळे पुढचे तीन महिने मी बिनपगारी रजा घेतेय आणि सासूबाई दिवाळीपर्यंत राहतायत. हप्ता नवऱ्याच्या पगारातून जाईल. कर्ज बदलत्या व्याजदराचं असल्यामुळे मुदतीआधी फेडलं तरी दंड नाही, त्यामुळे मी परत कामावर लागले की अकरा हजार दरमहा बाजूला टाकून वर्षाअखेरीस मुद्दलात भरायचे, असं दोघांनी ठरवलंय.