पेरूतली फळमाशी: सापळा, कव्हर की फवारणी?

पेरू वरून घट्ट, छान पिवळा. सालीवर फक्त सुईच्या टोकाएवढी टोचल्याची खूण, तिच्याभोवती बोटाने दाबलं तर मऊ. विळीवर चिरला की पांढऱ्या अळ्या टुणकन उड्या मारतात. असे चार पेरू व्यापाऱ्याच्या हाती लागले की अख्ख्या क्रेटचा भाव पडतो. यंदा बागेवर खर्च कशावर करायचा, असं जळगाव-धुळ्याकडचे बरेच बागायतदार विचारतात, म्हणून हे लिहितोय.

आधी बहाराचं, म्हणजे कुठल्या हंगामातला फुलोरा धरायचा ते बघा. आंबे बहाराची फळं ऐन पावसाळ्यात पिकतात आणि माशीचा जोरही तेव्हाच असतो. उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडून, म्हणजे ताण देऊन, पावसाळ्याच्या सुरुवातीचा मृग बहार धरला तर फळं नोव्हेंबर ते जानेवारीत येतात. थंडीत माशी मंदावते, गोडीही चांगली भरते. पाण्याची सोय असेल तर मी मृगच धरा म्हणेन. निम्मं काम तिथंच होतं.

सापळा सगळ्यात स्वस्त. मिथाइल युजेनॉलची वडी, बाटली आणि तार, एवढंच लागतं. पण त्या वासाला फक्त नर येतात. मिलन झालेली मादी शेजारच्या वावरातून उडत आली तर तुमच्या सापळ्याकडे ती ढुंकूनही बघत नाही, सरळ फळावर बसते. एक वर्ष आम्ही फळं रंगायला लागल्यावर सापळे टांगले. बाटल्या माश्यांनी काळ्या झाल्या, तरी पेरू किडलेच. फळं सुपारीएवढी असतानाच सापळे लावायचे, छातीच्या उंचीवर, झाडाच्या सावलीत. तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि माशी किती आहे त्याचा अंदाजच येत नाही. वडी दीड-दोन महिन्यांनी बदला. शेजाऱ्यांनीही त्याच आठवड्यात लावले तर खरा फरक दिसतो. एकट्याच्या दोन एकरांत सापळ्याचा मुख्य उपयोग माशी आली की नाही हे कळण्यापुरता.

कव्हरचा भरवसा सगळ्यात जास्त. फळ लिंबाएवढं झालं की आधी फोमची जाळी, वरून पिशवी. माशी सालीपर्यंत पोचतच नाही, पक्षी टोचत नाहीत, फळही डागाशिवाय येतं. मोठ्या फळाची जात असेल आणि माल लांबच्या बाजारात जाणार असेल तर मी दुसरा विचार करणार नाही. अडचण मजुरीची. मृगाची फळं लिंबाएवढी होतात तेव्हाच आपल्याकडे कापसाची वेचणी सुरू होते, आणि मग फळाफळाला हात लावायला बायका मिळत नाहीत. म्हणून विरळणी करून झाडावर मोजकीच फळं ठेवा आणि माणसं आधी बोलून ठेवा. आणखी एक: पिठ्या ढेकूण (फळाला चिकटून रस शोषणारी पांढरी, पिठूळ कीड) तपासल्याशिवाय पिशवी चढवू नका. आत कोंडलेला ढेकूण पिशवीच्या आडोशाला आरामात वाढतो, आणि काढणीला पांढरं, चिकट फळ हाती येतं.

फवारणी सोपी वाटते, पण अंडी सालीखाली असतात, अळी गरात. औषध तिथवर क्वचितच पोचतं. शिवाय फळ पिकायला आलं की काढणीपूर्वीचा थांबा, म्हणजे फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस, पाळावा लागतो आणि माशी नेमकी तेव्हाच येते. फुलोऱ्यात फवारली तर मधमाश्याही जातात. मी ती फक्त प्रादुर्भाव हाताबाहेर चालला तरच करेन, तीही पेरूसाठी शिफारस असलेल्या औषधाची, लेबलवरचं प्रमाण आणि थांबा पाळून.

लहान फळाची जुनी बाग, गावच्या बाजाराला माल आणि हाताशी माणसं कमी असतील तर कव्हर परवडत नाही. तिथं सापळे आणि गळालेल्या फळांची वेचणी यावर भर द्या. गळालेलं फळ बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका. त्यातली अळी मातीत शिरून कोष करते आणि उन्हाळी दिवसांत एक-दोन आठवड्यांत नवी माशी होऊन बाहेर पडते. फळं जाड पिशवीत बांधून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. झाडाखालची माती अधूनमधून हलकी चाळवली की कोष उघडे पडतात, ते चिमण्या-साळुंक्या टिपतात.

पीचवरची म्हणून ओळखली जाणारी फळमाशीही पेरूवर येते. बांधावरचं बोर, आंबा, चिकू हीसुद्धा फळमाशीची घरं आहेत. तिथली पडलेली फळंही याच पिशवीत भरा.