दोघं, एक मोटरसायकल आणि आठवड्याचं सामान: कापडी सॅडल बॅग, पत्र्याच्या पेट्या की मागची डिक्की?

इंदूरहून दोघांनी पुण्याला किंवा पुढे कोकणात मोटरसायकलवर जायचं ठरलं की बॅग कोणती घ्यावी यावर खल सुरू होतो. बहुतेक सल्ले एकट्या चालवणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. एकटा माणूस मागच्या सीटवर पन्नास लिटरची टेल बॅग आडवी बांधतो आणि मोकळा होतो. दोघं असले की नेमकी तीच जागा जाते. उरतात चाकाच्या दोन बाजू, टाकीवरची थोडी जागा आणि मागच्या सीटपलीकडचं कॅरिअर.

पण जागेच्या आधी वजनाचा हिशेब करा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. गाडीच्या माहितीपुस्तिकेत भरल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून गाडीचं कर्ब वजन (पेट्रोल-तेलासकट रिकाम्या गाडीचं वजन) वजा केलं की जे उरतं त्यात तुम्ही दोघं, कपडे, हेल्मेट, लेग गार्ड, रॅक, बॅगा आणि सामान सगळं बसवायचं. समजा उरले 180 किलो. दोघांचं वजन 78 आणि 62, म्हणजे 140. जाकीट, बूट, हेल्मेट धरून 150. हाती राहिले 30. ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांचा रॅक मिळून पंधरा-सोळा किलो सहज होतात, तेव्हा प्रत्यक्ष सामानाला 14-15 किलोच मिळतात. कापडी जोडी आणि साधा लोखंडी स्टे (बॅगेला चाकापासून लांब धरणारी दांडी) मिळून पाच-सहा किलोंत बसतं, म्हणजे सामानाला 24-25. साडेतीनशे सीसीच्या गाडीवर हा फरक पावसाळी कपडे, हत्यारं आणि मागच्या व्यक्तीची वेगळी बॅग यांच्याएवढा आहे.

कापडी सॅडल बॅग

दोन्ही बाजू मिळून 50 ते 60 लिटर जागा मिळते. वजन खाली आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ राहतं, म्हणून गाडी वळणात हट्ट करत नाही. खराब रस्त्यावर गाडी आडवी झाली तर कापडी बॅग दबते. पत्र्याच्या पेटीखाली मात्र पाय अडकून मोडू शकतो. लेह-स्पितीकडे जाणाऱ्यांनी हा एक मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा जड धरावा.

कापडी बॅगेची खरी अडचण उजव्या बाजूला असते. डावीकडे साडीगार्ड असतो, तो बॅगेला चाकापासून लांब ठेवतो. उजवीकडे बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर असतो आणि बॅगेला टेकायला काहीच नसतं. घरासमोर उभ्या गाडीवर बॅग आणि सायलेन्सर यांत चार बोटं अंतर दिसतं. दोघं बसले, सामान भरलं आणि खड्डा आला की बॅग खाली लोंबते आणि कापड वितळतं. म्हणून उजवीकडे स्टे हवाच. तयार मिळाला नाही तर इंदूरच्या सांवेर रोडच्या औद्योगिक भागात फॅब्रिकेशनवाल्याकडून गोल पाइपचा करून घ्या, मात्र गाडी आणि भरलेली बॅग दोन्ही घेऊन जा, नुसतं माप सांगू नका. बॅग बांधून दोघं बसा, गाडी जोरात दाबा, आणि तरीही पाच सेंटिमीटर अंतर राहतं का ते तिसऱ्या माणसाला बघायला सांगा. पट्टा इंडिकेटरवर किंवा नंबरप्लेटवर येत नाही ना, तेही तोच बघेल. औषधं, पॉवर बँक आणि चेन ल्यूबचा स्प्रे उजव्या बॅगेत ठेवू नका. खालून ताप लागतो.

पावसाचं म्हणाल तर वरून घालायच्या रेन कव्हरवर विसंबू नये. वेगात ते फुगतं, कधी उडूनही जातं, आणि राहिलंच तर चाकाचं पाणी त्याच्या तळाशी साचतं. चेनची (झिपची) बॅग कितीही जाड कापडाची असो, शिवणीतून आणि चेनमधून पाणी शिरतंच. तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग आत घाला. ती नसेल तर जाड पन्नी दुहेरी करून घाला. कपडे कोरडे राहतात, आणि मुक्कामी आतलीच पिशवी उचलून खोलीत नेता येते, बाहेरची घाण गाडीवरच राहते.

पत्र्याच्या पेट्या

दोन पेट्यांत 70-80 लिटर जागा, कुलूप, पावसाची काळजी नाही. ओंकारेश्वर किंवा शिर्डीला गाडी लावून दर्शनाला जायचं असेल तर कुलपाचं मोल कळतं; कापडी बॅग ब्लेडनं फाटते. पण किंमत रॅकसकट कापडी जोडीच्या कितीतरी पट होते आणि गाडीची रुंदी जवळपास मीटरभर होते. हँडल निघालं तिथून पेटीही निघेल हा अंदाज चुकतो. इंदूरच्या राजवाड्याच्या गल्ल्यांत तर चुकतोच, पण ट्रक आणि दुभाजक यांच्या फटीतून काढताना चुकला तर महागात पडतं. शिवाय पेटी मोठी असली की ती भरली जाते. मर्यादा लिटरची नसून किलोची आहे हे तिथे विसरलं जातं. 400 सीसीच्या पुढची, दणकट सबफ्रेमची (सीटखालच्या सांगाड्याची) गाडी असेल आणि वर्षातून अनेकदा दोघांनी निघायचं असेल तरच हा खर्च पटतो.

मागची डिक्की

आपल्याकडे टॉप बॉक्सला डिक्कीच म्हणतात. दोघांच्या प्रवासात तिचा सगळ्यात मोठा फायदा सामानाचा नाही, पाठीचा आहे. मागच्या व्यक्तीला टेकायला मिळतं, आणि इंदूर ते धुळे हा अडीचशे किलोमीटरचा टप्पा त्यामुळे सुसह्य होतो. पाठीची गादी असलेलीच डिक्की घ्या.

तोटा साध्या गणिताचा आहे. ती मागच्या आसाच्याही मागे आणि उंचावर असते. आसापासून 40 सेंटिमीटर मागे 10 किलो ठेवले आणि दोन चाकांतलं अंतर 139 सेंटिमीटर असेल, तर पुढच्या चाकावरचं वजन जवळपास तीन किलोंनी कमी होतं आणि मागच्यावर तेरा किलो वाढतं. मागची व्यक्ती आधीच तिथे बसलेली असते. पुढचं चाक हलकं पडलं की वेगात हँडल थरथरतं आणि दोष टायरवर जातो. डिक्कीच्या प्लेटवर मर्यादा छापलेली असते, बहुतेक वेळा 3 ते 10 किलो, ती पाळा. आत फुगीर पण हलकं तेवढंच ठेवा: रेनकोट, पातळ पांघरूण, आणि पुण्याच्या नातेवाइकांसाठी शेव-फरसाण, जे इंदूरकराला न्यावंच लागतं.

नियमाचंही भान असू द्या. 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार दुचाकीवरच्या पेटीची लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आणि पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर मागे कुणी बसायचं नाही.

टाकीवरची बॅग ही वरच्या तिन्हींची जोडीदार, पर्याय नाही. दहा लिटर पुरे. जड आणि लहान वस्तू इथेच: पंक्चर किट, पाने, पाणी. चुंबकाची बॅग फक्त लोखंडी टाकीवर धरते. हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवून हॉर्न किंवा स्टार्टर दाबला जात नाही ना ते बघा. बॅगेखाली धूळ राहिली की रंग घासला जातो.

मग घ्यायचं काय? साडेतीनशेपर्यंतची गाडी, डांबरी रस्ता, आठवडाभराचा प्रवास, तर आमचं मत स्पष्ट आहे: कापडी जोडी, उजवीकडे स्टे, गादीवाली लहान डिक्की आणि टाकीवरची छोटी बॅग. कच्च्या डोंगरी रस्त्यांना जायचं असेल तर डिक्कीही सोडा आणि कॅरिअरवर हलकी ड्राय बॅग बांधा. हूकवाली बंजी दोरी त्यासाठी नको. ती सुटली की डोळ्यावर येते, नाहीतर चाकात जाते. बकलचे न ताणणारे पट्टे घ्या.

सामान चढल्यावर गाडीही जुळवावी लागते. दोन्ही बॅगा घरच्या काट्यावर तोला. किलोभरापेक्षा जास्त फरक नको, जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला. मागच्या शॉकअपची स्प्रिंग दोन-तीन खाचा कडक करा. हवा दोघांसाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्याएवढी, टायर थंड असताना भरा. चेनचा ढिलेपणा दोघं बसलेले असताना तपासा, कारण ओझ्यानं शॉकअप दबला की बहुतेक गाड्यांची चेन ताणली जाते. हेडलाइट वर जातो, तो खाली घ्या. मागे बसणाऱ्या व्यक्तीला दोन्हीकडे पाय टाकूनच बसावं लागेल; बॅगा लावल्यावर एका बाजूला बसणं जमत नाही. आधी चालवणाऱ्यानं बसून दोन्ही पाय टेकायचे, मगच दुसऱ्यानं चढायचं.

निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भरलेल्या गाडीवर दोघं खंडवा रोडनं सिमरोल-चोरलकडे जाऊन या. घाटात ब्रेक किती लवकर लावावा लागतो ते कळेल, आणि उतारावर खालचा गिअर का हवा हेही. प्रवासाच्या दिवशी पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळा, कारण कापड बसतं आणि पट्टा सैल होतो. उरलेली टोकं गुंडाळून बॅगेच्या आत खोचा. लोंबतं टोक सगळ्यात आधी चेनकडे जातं.