‘क्रूझ पॅक’च्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षे पूर्ण झाली म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही सहा जण सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. सहल नाशिकमधील एका सहल-संयोजकामार्फत ठरवली होती. त्या सहलीत मोबाइलच्या बाबतीत आमची जी फसवणूक झाली, ती मी इथे तपशीलवार लिहीत आहे. कारण आमच्याच गटातील आणखी दोन कुटुंबांना असेच बिल आले आणि त्यांतील एका कुटुंबाने, आपल्याच हातून काहीतरी चुकले असेल असे समजून, ते मुकाट्याने भरूनही टाकले.

निघण्याच्या आठ दिवस आधी संयोजकाचा माणूस घरी आला. त्याने सांगितले की, परदेशात फोन सुरू राहावेत म्हणून त्यांच्याकडे खास ‘क्रूझ पॅक’ मिळतो. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिन्ही देशांत तर तो चालतोच, पण भर समुद्रात जहाजावरही चालतो. आणि एका नंबरला साडेपाच हजार रुपये पडतात. आमचे तीन नंबर पोस्टपेड आहेत : यजमानांचा, माझा आणि सासूबाईंच्या टॅबलेटमधील सिमचा. सासूबाई फोन फारसा वापरत नाहीत. टॅबलेटवर त्या सायंकाळी स्तोत्रे ऐकतात, सोलापूरच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलतात आणि फोटो काढतात. सासू-सासरे वेगळे राहतात, त्यांच्या घरी वाय-फाय नाही, म्हणून त्या टॅबलेटमध्ये सिम घातलेले आहे. त्या माणसाने तिन्ही नंबरांचे मिळून साडेसोळा हजार रुपये रोख घेतले आणि पावती दिली, तिच्यावर ‘क्रूझ पॅक – ३’ एवढेच लिहिलेले होते. मग एकेक फोन हातात घेऊन, “ताई, ओटीपी सांगा, पॅक टाकतोय,” असे म्हणत त्याने कंपनीच्या अ‍ॅपमधून पॅक सुरू केले. टॅबलेटवरील डेटा रोमिंगही त्यानेच सुरू केले आणि सासूबाईंना म्हणाला, “काकू, आता कुठलंही बटण बंद करायचं नाही. सगळं आपोआप चालेल.”

पॅक सुरू झाल्याचा कंपनीचा मेसेज तिन्ही ठिकाणी आला होता. मात्र तो आला त्या क्षणी फोन त्या माणसाच्या हातात होता. त्याने तो उघडला, बंद केला आणि फोन परत दिला. त्यामुळे न वाचलेल्या मेसेजांमध्ये तो दिसलाच नाही. बिल आल्यावर मी तो शोधून काढला. त्यात तीन देशांची नावे होती आणि शेवटच्या ओळीत, विमानात आणि जहाजावर हा पॅक लागू नाही, असे स्पष्ट इंग्रजीत लिहिलेले होते. पॅकची किंमतही होती : २,९९८ रुपये. म्हणजे कंपनीचा साधा तीन देशांचा पॅक त्याने ‘क्रूझ पॅक’ म्हणून जवळजवळ दुप्पट किमतीला आम्हाला विकला होता, आणि ज्या एका गोष्टीसाठी आम्ही जादा पैसे मोजले, ती त्या पॅकमध्ये नव्हतीच.

ही फसवणूक सहज पचते, याचे कारण पॅक अर्धा खरा असतो. सिंगापूरच्या विमानतळावर उतरताच फोन सुरू झाले. मरिना बेच्या क्रूझ सेंटरवर रांगेत उभे असतानाही नेट उत्तम चालत होते. दुसऱ्या दिवशी पेनांगला उतरलो, तिथेही काही अडचण आली नाही. त्यामुळे पॅक खोटा असेल अशी शंका येण्याचे कारणच उरले नाही. खरा प्रश्न मधल्या पाण्याचा होता.

मोठ्या प्रवासी जहाजावर जहाजाचे स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते. किनाऱ्यावर जसे टॉवर असतात, तसे जहाजाच्या आत छोटे अँटेना बसवलेले असतात आणि ते उपग्रहामार्फत जमिनीशी जोडलेले असतात. बंदरात असताना हे नेटवर्क सहसा बंद ठेवतात. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की सुरू करतात. देशाची सागरी हद्द १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर असते. त्यापलीकडे हे नेटवर्क कोणत्याच देशाचे नसते, म्हणून देशांच्या नावाने घेतलेला पॅक तिथे लागू पडत नाही. फोनच्या वरच्या कोपऱ्यात कंपनीच्या नावाऐवजी ‘सेल्युलर अ‍ॅट सी’ किंवा ‘मेरिटाइम’ असा शब्द असलेले नाव दिसते, कधी नुसता ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसतो. ९०१ हा कोणत्याही एका देशाला न दिलेला आंतरराष्ट्रीय संकेतांक आहे. तो दिसला की प्रत्येक किलोबाइटचा हिशेब वेगळ्याच दराने सुरू झाला, असे समजावे. जहाजावर विकत मिळणारा वाय-फाय आणि हे मोबाइल नेटवर्क या दोन पूर्णपणे निराळ्या गोष्टी आहेत. दोन्ही उपग्रहावरूनच चालतात, म्हणून लोकांची गल्लत होते. वाय-फायचे पैसे जहाज कंपनी आधी सांगून घेते. मोबाइल नेटवर्कचे पैसे आपल्या घरच्या बिलात महिन्याअखेरीस दिसतात.

पहिल्याच रात्री, जहाज सिंगापूर सोडून मलाक्काच्या सामुद्रधुनीत शिरल्यानंतर, सासऱ्यांनी टॅबलेट माझ्यापुढे धरला. पडद्यावर कंपनीचा मेसेज होता : आपण जहाजावरील नेटवर्कवर आहात आणि डेटाचा दर दर १० केबीला ५ रुपये आहे. सासरे बँकेतून निवृत्त झालेले आहेत. आकडा वाचल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. “हे पाच रुपये कशाचे, ते विचार,” असे त्यांनी मला बजावले. मी तसाच टॅबलेट घेऊन आमच्या टूर मॅनेजरकडे गेले. त्याने मेसेज वाचला आणि म्हणाला, “तो सगळ्यांना येतो, ताई. ऑटोमॅटिक असतो. आपला पॅक आहे ना, लक्ष देऊ नका.” गटातील आणखी एका काकांनीही त्याला हेच विचारले होते आणि त्यांनाही हेच उत्तर मिळाले होते, हे नंतर बोलताना समजले. एवढ्या जणांना एकच उत्तर देणाऱ्या माणसाला हा मेसेज काय आहे हे माहीत नसेल, हे मला पटत नाही. त्या रात्री त्याने “विमान मोड लावा” एवढे तीन शब्द सांगितले असते तर पुढचे काहीच घडले नसते.

पेनांगला सासूबाईंनी केक लोक सी मंदिराचे आणि जॉर्जटाऊनच्या जुन्या गल्ल्यांचे मनसोक्त फोटो काढले. रात्री त्यांनी नेहमीप्रमाणे टॅबलेट चार्जिंगला लावला आणि त्या झोपल्या. त्यांच्या टॅबलेटवर फोटो आपोआप ऑनलाइन साठवण्याची सोय सुरू होती आणि घरी वाय-फाय नसल्यामुळे ती मोबाइल डेटावरही चालेल अशीच ठेवलेली होती. बिलाच्या तपशिलात त्या रात्रीच्या नोंदी एकाखाली एक आहेत : १ वाजून १२ मिनिटे, १ वाजून ४० मिनिटे, २ वाजून ५ मिनिटे. आम्ही सारे गाढ झोपेत होतो, जहाज फुकेतच्या दिशेने चालले होते आणि मंदिराचे फोटो एकेक करून उपग्रहावरून जात होते. सगळा मिळून डेटा होता सुमारे ७५ एमबी. फोटोंच्या भाषेत सांगायचे तर वीसेक फोटो. त्याचे झाले ३८,६४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ४५,५९५ रुपये.

यजमानांच्या नंबरवर दोन फोन आले होते. आलेल्या फोनचेही पैसे लागतात हे आम्हाला तेव्हा कळले. ते २,३६० रुपये झाले. त्याच बिलात एक ओळ इंडोनेशियाची होती. आम्ही तिथे पाऊलही ठेवले नव्हते. पण मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या एका बाजूला मलेशिया आणि दुसऱ्या बाजूला सुमात्रा आहे, आणि सिंगापूरहून निघताना तर इंडोनेशियाचे बाताम बेट अगदी समोर असते. फोन आपोआप नेटवर्क निवडत असेल तर तो पलीकडच्या किनाऱ्याचा टॉवरही पकडतो, आणि तो देश आपल्या पॅकमध्ये नसतो.

बिल आले ते घरी परतल्यानंतर. परदेशी नेटवर्कवरील वापराच्या नोंदी आपल्या कंपनीकडे उशिरा पोहोचू शकतात, त्यामुळे प्रवासात असताना अ‍ॅपमध्ये वापर शून्य दिसला तरी त्यावर विसंबू नये. मी संयोजकाच्या कार्यालयात गेले. पावती दाखवली, मेसेज दाखवला. तिथल्या गृहस्थांचे म्हणणे असे की, त्यांनी पॅक ‘मिळवून दिला’, पॅक कंपनीचा आहे, आणि डेटा रोमिंग बंद ठेवणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. ज्यांच्या माणसाने स्वतःच्या हाताने रोमिंग सुरू केले आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला कुठलेही बटण बंद न करण्याविषयी बजावले, त्यांनी हे म्हणावे, याचा मला आजही संताप येतो. सासूबाई तर कित्येक दिवस टॅबलेटला हात लावायला तयार नव्हत्या. आपल्यामुळे मुलाला भुर्दंड पडला, हेच त्यांच्या मनाने घेतले होते.

मोबाइल कंपनीकडे मी रीतसर तक्रार केली आणि तक्रार क्रमांक घेतला. उत्तर नकारार्थी आल्यावर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे गेले. त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि अनेकांना ही दुसरी पायरी ठाऊकच नसते. मोबाइल कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असे मला एकाने ठामपणे सांगितले होते. ते चुकीचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात, दूरसंचार सेवेबाबतची तक्रार ग्राहक मंचापुढे चालू शकते, असे स्पष्ट केले आहे. मात्र आमच्या प्रकरणात कंपनीने मेसेज पाठवला होता, दरही कळवला होता. त्यामुळे माझा रोख संयोजकावर आहे. अपिलात कंपनीने इंडोनेशियाची ओळ रद्द केली, बाकी बिल तीन हप्त्यांत भरण्याची मुभा दिली आणि आम्ही ते भरले.

संयोजकाविरुद्ध मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग वकिलांमार्फत नोटीस पाठवली. नोटीस पोहोचल्यावर पॅकच्या किमतीतील फरकाचे ७,५०६ रुपये परत आले, ‘सदिच्छा म्हणून’ असे पत्रात लिहून. बिलाच्या रकमेबद्दल त्यात एक अक्षरही नाही. त्या रकमेसाठी आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पावतीवर ‘क्रूझ’ हा शब्द त्यांच्याच माणसाच्या हस्ताक्षरात आहे, तो आमचा सर्वांत मोठा पुरावा ठरणार आहे, असे वकील म्हणतात. म्हणून कोणालाही रोख पैसे देताना पावतीवर नेमके काय विकले ते लिहून घ्यावे.

जे आता क्रूझवर जाणार आहेत, त्यांच्यासाठी खरा उपाय अगदी साधा आणि फुकट आहे. जहाजावर पाऊल ठेवताच प्रत्येक फोन आणि टॅबलेट विमान मोडवर टाकावा आणि मग फक्त वाय-फाय पुन्हा सुरू करावा. विमान मोडमध्येही वाय-फाय चालतो, हे आमच्या गटातील निम्म्या लोकांना माहीत नव्हते. टॅबलेटमधले सिम तर मी सरळ घरीच काढून ठेवायला सांगेन. वयस्कर माणसांच्या हातून मोड चुकून बदलला तरी सिमच नसेल तर बिल येणार नाही. जहाजाचा वाय-फाय लागणारच असेल तर तो बहुधा आधी ऑनलाइन घेतल्यास स्वस्त पडतो, आणि एका उपकरणाचे पॅकेज कुटुंबात आळीपाळीने वापरता येते का, हे विचारून घ्यावे. बंदरात उतरल्यावर, किनारा नीट लागल्यावरच विमान मोड काढावा, नेटवर्क हाताने निवडावे आणि जहाजावर परतताना पुन्हा मोड लावावा. फोटो आपोआप साठवणे, अ‍ॅपचे अपडेट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील आपोआप होणारे डाउनलोड घरूनच बंद करून निघावे. बँकेच्या ओटीपीसाठी फोन सुरू ठेवावाच लागेल असे संयोजक सांगतात. पैसे भरण्याची कामे निघण्याआधी उरकली तर चार दिवस ओटीपी लागत नाही. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्यांनीही देशातल्या देशात आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. किनारा मागे पडला आणि जहाजाचे स्वतःचे नेटवर्क फोनने पकडले, तर दर त्या नेटवर्कचा लागतो.

पॅक घ्यायचाच असेल तर स्वतःच्या फोनवरून, स्वतः कंपनीला विचारून घ्यावा, आणि “जहाजावरच्या मेरिटाइम नेटवर्कवर हा चालतो का” हा प्रश्न याच शब्दांत विचारावा. ओटीपी दुसऱ्याला सांगू नये आणि पॅकचा मेसेज शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय फोन कोणाच्या हातात देऊ नये.

याच संयोजकाची पुढची क्रूझ मे महिन्यात निघत आहे आणि तिचे पत्रक आमच्या सोसायटीच्या फलकावर लागले आहे. भोजनव्यवस्थेच्या खाली, ठळक अक्षरांत, तीच ओळ आहे : ‘समुद्रातही अखंड संपर्क – खास क्रूझ पॅक उपलब्ध’. सोसायटीतील चार कुटुंबांनी नावे दिली आहेत. त्या चौघांकडे मी पावती आणि बिलाची प्रत घेऊन जाऊन आले.