माझे पॅलेट ट्रक कागदावर ‘हँड ट्रॉली’ झाले, त्याची गोष्ट

भोसरीत माझं छोटं दुकान आहे. चेन पुली ब्लॉक, जॅक, पॅलेट ट्रक (माल रचलेली लाकडी चौकट, म्हणजे पॅलेट, उचलून ओढायची गाडी) असा हाताने चालणारा उचल-ठेवीचा माल विकतो. बरीच वर्षं मुंबईच्या इम्पोर्टरकडून माल उचलला. २०२२ च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा स्वतः मागवला. चीनमधल्या निंगबोहून ११० हँड पॅलेट ट्रक, न्हावा शेवापर्यंतच्या भाड्या-विम्यासकट १८ हजार डॉलर. तेव्हाच्या भावाने साधारण १४ लाख.

क्लिअरिंगसाठी एका ओळखीच्याने एक माणूस गाठून दिला. गोडबोल्या, फोन पहिल्या रिंगला उचलणारा. आपण सीएचए, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणारे परवानाधारक एजंट आहोत म्हणाला, गळ्यातलं कार्डही दाखवलं. ते कार्ड कोणत्या फर्मचं, हे मी वाचलं नाही. हिशेब त्याने चोख सांगितला: बेसिक ड्युटी ७.५ टक्के, त्यावर १० टक्के सरचार्ज, मग या दोन्हींसकट होणाऱ्या किमतीवर १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), एकूण २७.७३५ टक्के. १४ लाखांवर ३,८८,२९० रुपये. मी दुसरीकडे विचारलं, तिथेही हाच आकडा. इथेच माझा विश्वास बसला. आकडा खरा असला की माणूसही खरा वाटतो. ‘ड्युटी माझ्या लॉगिनमधून भरतो, तुम्ही कुठे आयसगेटच्या भानगडीत पडता,’ म्हणाला. (आयसगेट म्हणजे कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल.) मी पैसे त्याच्या खात्यात टाकले. शिवाय ‘पोर्टवर ऐन वेळी लागतात’ म्हणून सही-शिक्क्याची चार कोरी लेटरहेड त्याला दिली.

चार दिवसांत माल सुटला. बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालाच्या कस्टम्सकडे केलेल्या घोषणेची, पीडीएफ आली, त्यात सगळं जिथल्या तिथे. दोन महिन्यांत निम्मे ट्रक विकले गेले. पुढचा कंटेनरही त्यालाच द्यायचा, असं मनात ठरवून टाकलं होतं.

पहिली शंका माझ्या अकाउंटंटला आली. पीडीएफमध्ये आयजीएसटी २,७२,७९०, आणि जीएसटीआर-२बी (जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारा क्रेडिटचा तक्ता) मध्ये कस्टम्सकडून आलेला आकडा एक लाखाच्याही आत. मी म्हटलं, पोर्टल उशिरा अपडेट होत असेल. मग बँकेचा फोन आला. परदेशी पाठवलेल्या पैशाची बिल ऑफ एंट्रीशी जुळणी रिझर्व्ह बँकेच्या आयडीपीएमएस यंत्रणेत होते, हे मला तेव्हा कळलं. तुम्ही १८ हजार डॉलर पाठवलेत, माल ८ हजारांचाच आलेला दिसतो, बाकीच्याचं काय? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरी बिल ऑफ एंट्री काढून घेतली, तेव्हा उलगडा झाला. मालाचं वर्णन ‘हँड ट्रॉली’, कस्टम्सच्या वर्गीकरणातलं हेडिंग ८७१६. म्हणजे हातगाडी. आता पॅलेट ट्रकलाही चाकं असतात आणि तोही हातानेच ओढतात, त्यामुळे वरवर कुणाला खटकणारही नाही. पण त्याच्या दांड्याशी हायड्रॉलिक पंप असतो. दांडा चार-पाच वेळा खालीवर केला की दोन टनांचं पॅलेट जमिनीपासून सुटतं. हातगाडी फक्त वाहते, हा उचलतोही. म्हणून त्याची जागा ८४२७ ९० मध्ये, उचलण्याची सोय असलेल्या ट्रकांत. (चेन ब्लॉक आणि जॅक यांचं घर वेगळं, ८४२५.) हातगाडीवर तेव्हा आयजीएसटी १२ टक्के होता. पण ते सहा टक्के त्याच्या दृष्टीने किरकोळ. खरा डाव किमतीचा होता. पॅलेट ट्रक एवढ्या स्वस्तात दाखवला असता तर अधिकाऱ्याने हरकत काढली असती. ट्रॉली म्हटल्यावर ८ हजार डॉलर खपून गेले. सोबत माझ्या सप्लायरच्या नावाचं बनावट इनव्हॉइस. माझ्याकडून घेतलेल्या ड्युटीतले अडीच लाखांच्या आसपास त्याने खिशात घातले, आणि मला पाठवली ती पीडीएफ घरी बनवलेली.

ती खरी की खोटी हे बिलाचा नंबर, तारीख आणि पोर्ट कोड टाकून आयसगेटवर पाहता येतं. ड्युटीही स्वतःच्या लॉगिनने भरता येते. दोन्ही मी केलं नाही. आणि कोड कोणता लावायचा याबद्दल खरंच घोळ असेल, तर माल मागवण्याआधी मुंबईच्या ॲडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे १० हजार रुपये फी भरून विचारता येतं.

मी आपणहून कागद घेऊन कस्टम्सला गेलो. तिथला अधिकारी सभ्य होता, पण सरळ म्हणाला, आयातदार तुम्ही, घोषणा तुमच्या नावाची. नोटीस आली. ३० दिवसांत फरकाची ड्युटी, वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज आणि ड्युटीच्या १५ टक्के दंड भरून ते प्रकरण मिटवलं. आयजीएसटीचं क्रेडिट मिळेल असं अकाउंटंट म्हणतो. बेसिक ड्युटी मात्र दोनदा गेली ती गेलीच.

त्या माणसाच्या नावावर परवानाच नव्हता. बिलावर दुसऱ्याच फर्मचं नाव होतं, आणि ती फर्म म्हणते, हा आमचा माणूस नाही, तुमचंच अधिकारपत्र आमच्याकडे आलं. ते पत्र मी पाहिलं. माझंच लेटरहेड, माझीच सही. दुसरं लेटरहेड किमतीच्या घोषणेला वापरलं होतं, तिसरं ट्रॉलीच्या वर्णनाला. पोलिसांत तक्रार दिली आहे, त्यात या तिन्हींच्या प्रती जोडल्या. चौथं अजून कुठेही सापडलेलं नाही.